कपाटाचा भार आणि भिंतीचे बळ

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडत असूनही ज्यांनी आपले गावपण अद्याप सोडलेले नाही, अशा उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत गेल्या एकदोन पिढ्यांत घरांचे रूप जितके पालटले, त्याहून अधिक त्या घरांतील स्वयंपाकगृहांचे पालटले आहे. मंगळुरी कौलांची छपरे जाऊन स्लॅब आले, चुलीची जागा ओट्याने घेतली, आणि भिंतीतील कोनाडा, दाराआडचे फडताळ, छताला टांगलेले शिंके व भिंतीशी उभी असलेली लोखंडी मांडणी या सर्वांचा कारभार ओट्याच्या वर ओळीने टांगलेल्या बंद कपाटांकडे सुपूर्द झाला. या स्थित्यंतराबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही. धुळीपासून, उंदरांपासून आणि खाऱ्या वाऱ्यापासून घरातील जिन्नसांचे रक्षण बंद कपाटात अधिक चांगले होते, हे कोणीही मान्य करील. तथापि जुन्या साधनांचा एक गुण या नव्या साधनात नाही, आणि तो म्हणजे आपल्या दुखण्याची आगाऊ वर्दी देण्याचा. शिंक्याची दोरी झिजली की ती झिजलेली दिसे, मांडणीचा पाय गंजला की ती डुगडुगू लागे. भिंतीवरच्या कपाटाचा सारा आधार मात्र पाठीमागे, फरशीच्या आड, विटेच्या पोटात दडलेला असल्यामुळे ते ज्या दिवशी खाली येते त्या दिवसापर्यंत अगदी सुरेख दिसत राहते.

यास्तव जे गृहस्थ वा गृहिणी स्वतःच्या देखरेखीखाली, किंवा थोडेफार हत्यार चालवता येत असल्यास स्वतःच्या हाताने, अशी कपाटे बसवून घेण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. सनमायकाचा रंग, मुठींची घाटणी, काचेची नक्षी या बाबतींत दुकानदार सल्ला देण्यास समर्थ असतात, सबब त्यांविषयी मी येथे लिहीत नाही. ज्या दीडदोन इंच लोखंडावर हा सगळा संसार टांगलेला राहावयाचा आहे, त्याची चौकशी करावयाची आहे.

प्रथम भार किती, याचा अंदाज घ्यावा. तीन फूट रुंद, दोन फूट उंच आणि एक फूट खोल असे कपाट अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायचे केले, आत एक फळी व समोर दोन दारे घातली, तर ते रिकामेच सुमारे २५ किलो भरते. आता आत काय जाणार ते पाहावे. पालीसारख्या गावात पावसाळ्यापूर्वीची बेगमी ही अजून कालबाह्य झालेली गोष्ट नाही. एप्रिल-मेच्या उन्हात कुटून गडद काचेच्या बाटल्यांत दडपून भरलेला बाटली मसाला, बांबूच्या वलांडीवर वाळवलेल्या बोंबलांचे व जवळ्याचे डबे, चिंच, मीठ, तेल आणि सणावारीच बाहेर निघणारी जाड बुडाची पातेली असा ऐवज एका कपाटात रचला, तर तो ५० किलोच्या घरात सहज जातो. म्हणजे भिंतीवर एका कपाटामागे ७५ किलो, अर्थात एक धडधाकट पुरुष, रात्रंदिवस टांगून ठेवल्याप्रमाणे झाले. आणि अशी कपाटे ओळीने तीन किंवा चार असतात.

ओट्याला व भिंतीला जडलेल्या या बंदिस्त स्वयंपाकघराची कल्पना मूळची आपल्याकडची नव्हे. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामकरी वर्गासाठी ज्या वसाहती उभारल्या जात होत्या, त्यांच्या लहान घरांकरिता मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद महिलेने १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब जागेत बसणारे एक स्वयंपाकघर आखले, आणि त्याच्या सुमारे दहा हजार प्रती तेथे बसवण्यात आल्या. या बाईंच्या योजनेतील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी की, आत कोणता जिन्नस राहणार याचा निर्णय त्यांनी आधी केला आणि खणाचा आकार व लाकडाची जात त्यावरून ठरवली. पिठाच्या खणासाठी ओकचे लाकूड वापरले, कारण त्यात कीड धरत नाही. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. कपाट चित्र पाहून पसंत केले जाते आणि तांदळाचा डबा त्यात मावत नाही हे गृहप्रवेशानंतर कळते. कागद घेऊन आपल्या घरातील जड जिन्नसांची यादी करावी. तांदूळ, तेलाचे डबे, लोखंडी तवे, पाटा-वरवंटा, मिक्सर यांना ओट्याखालच्या खणांत जागा द्यावी, आणि भिंतीवर हलके तेवढेच चढवावे. मसाल्याच्या बाटल्याही खालीच ठेवता आल्या तर उत्तम, कारण काचेची भरलेली बाटली पाच फुटांवरून निसटली तर ती केवळ फुटून थांबत नाही.

आता भिंतीकडे वळू. एकाच घरात चार प्रकारच्या भिंती असू शकतात, ही गोष्ट पालीसारख्या टप्प्याटप्प्याने वाढलेल्या गावात विशेष लक्षात ठेवावी लागते. आजोबांची दगडी किंवा विटांची भिंत, वडिलांनी वाढवलेल्या खोलीची नऊ इंची भिंत, मधे घातलेला साडेचार इंचांचा पडदा आणि वरच्या मजल्यावर अलीकडे वापरलेले हलके सिपोरेक्सचे ठोकळे, या सर्वांवर एकच गिलावा व एकच फरशी चढलेली असल्याने डोळ्यांना भेद कळत नाही. तो ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ड्रिलने पाडलेले एक बारीक, चाचणीचे छिद्र, जे पुढे कपाटाआड झाकले जाईल अशा जागी घ्यावे, आणि त्यातून निघणारी भुकटी पांढऱ्या कागदावर झेलून पाहावी. सुरुवातीची करडी भुकटी गिलाव्याची असते. ती संपून तांबडी भुकटी येऊ लागली की वीट लागली असे समजावे. करडी भुकटीच येत राहिली आणि बिट पुढे सरकण्यास नाखूष झाले, तर तो काँक्रीटचा खांब किंवा तुळई होय. शुभ्र, पिठासारखी भुकटी आली आणि बिट लोण्यात शिरावे तसे आत गेले, तर ते सिपोरेक्स. पिवळसर, ओलसर माती निघाली आणि मधूनच बिट पोकळीत धसले, तर दगड किंवा विटा मातीच्या दरजांत रचलेली ती जुनी भिंत आहे असे जाणून तिच्यावर काहीही टांगण्याचा विचार त्याच क्षणी सोडून द्यावा.

पक्क्या विटेची नऊ इंची भिंत हा सर्वांत सोयीचा आधार, काँक्रीट सर्वांत बळकट. काँक्रीटमध्ये भोक पाडताना बिट सळईवर आदळले तर जोर न करता दोन इंच बाजूस सरकावे. सळई कापून पुढे जाणे हा इमारतीच्या सांगाड्यावर घाव घालण्याचा प्रकार आहे, आणि गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत राहणाऱ्यांनी तर खांब-तुळईला हात लावण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घेणेच इष्ट. साडेचार इंची पडद्यावर हातोड्याच्या झटक्याने चालणारे यंत्र लावल्यास पलीकडच्या खोलीचा गिलावा ढासळतो, म्हणून तेथे झटका बंद ठेवून केवळ फिरते बिट वापरावे, आणि त्याच भिंतीच्या दोन्ही अंगांस समोरासमोर कपाटे टांगू नयेत. सिपोरेक्समध्ये पोटात फुगणारा लोखंडी अँकर घातला तर ठोकळाच तडकतो. त्यासाठी मिळणारे रुंद दात्यांचे नायलॉनचे फिशर किंवा रासायनिक चिकटद्रव्यात बसवायचा अँकर वापरावा लागतो. मातीच्या दरजांच्या भिंतीपुढे मात्र जमिनीवर उभे राहणारे कपाट, अथवा जमिनीपासून तुळईपर्यंत उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीवर टेकलेले कपाट, याखेरीज अन्य पर्याय मी कोणास सुचवणार नाही.

येथे एक हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा अशी माझी विनंती आहे, कारण कपाटे पडण्याच्या अनेक प्रकारांचे मूळ त्या हिशेबात सापडते. पुष्कळ कारागीर सवयीने दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरचा स्क्रू वापरतात. कपाटाच्या आतील बाजूस जी आडवी पट्टी असते तिची जाडी १८ मिलिमीटर. तिच्यामागे पाठीचा पत्रा ६ मिलिमीटर. मग भिंतीवरची फरशी ८ मिलिमीटर. फरशीमागचा मसाला व गिलावा मिळून कमीत कमी २० मिलिमीटर. बेरीज ५२ झाली. याचा अर्थ, तो पन्नास मिलिमीटरचा स्क्रू विटेपर्यंत पोहोचलेलाच नाही. ७५ किलोंचे ओझे गिलाव्याच्या एका पापुद्र्याने धरून ठेवले आहे. फरशी नसलेल्या भिंतीतही विटेत शिरणारा भाग जेमतेम अर्धा इंच भरतो. तेव्हा फरशीच्या भिंतीसाठी चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा स्क्रू मागावा, जेणेकरून त्याचे निदान ४५ मिलिमीटर तरी विटेच्या गाभ्यात जातील. आणि नायलॉनचे फिशर भोकाच्या तोंडाशी न ठेवता टोच्याने आत लोटून गिलाव्याच्या पलीकडे, पूर्णपणे विटेत बसवावे. चार इंची स्क्रूची किंमत दोन इंचीपेक्षा काही रुपये अधिक असते. लाखाच्या स्वयंपाकघरात ही काटकसर कोणाच्या डोक्यातून निघते, हे मला आजवर उमगलेले नाही.

स्क्रूच्या लांबीइतकेच त्याच्या उंचीला महत्त्व आहे. भरलेली घागर कडेवर घेतली तर ती सहज चालवते, तीच हात लांब करून पुढे धरली तर खांदा उखडू लागतो. कपाटाचेही तसेच आहे. त्याचा भार भिंतीपासून सुमारे सहा इंच पुढे असतो, त्यामुळे ते खालच्या कडेवर टेकून वरच्या कडेने पुढे झुकू पाहते आणि वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटून काढण्याचा प्रयत्न करीत राहते. वरच्या कडेपासून दोन इंच खाली स्क्रू बसवले असतील तर ७५ किलोंच्या कपाटाची ही ओढ सुमारे २० किलो असते. तेच स्क्रू पाठीच्या मध्यावर असतील तर ती ३७ किलोंवर जाते. आणि एखाद्या घाईखोर माणसाने केवळ तळापासून चार इंचांवर स्क्रू मारून काम उरकले असेल तर ११२ किलोंपर्यंत. खाली पेलावयाचे ७५ किलो वेगळेच. म्हणून वरची आडवी पट्टी कपाटाच्या दोन्ही बगलांना पक्की जोडलेली असावी, तीन फुटांच्या कपाटाला वर निदान तीन व खाली दोन स्क्रू असावेत, आणि पाठीच्या पातळ पत्र्यातून थेट भिंतीत मारलेला स्क्रू हिशेबात मुळीच धरू नये. तो पत्रा फाडून कपाट पुढे येते आणि स्क्रू भिंतीत जसाच्या तसा राहतो.

याहून सुबक अशी एक पद्धत जाणते सुतार वापरतात. एका जाड फळीला लांबीच्या दिशेने पंचेचाळीस अंशांचा तिरका काप देऊन तिचे दोन भाग करावयाचे. एक भाग तिरकी कड वर व भिंतीकडे उतरती ठेवून भिंतीस जडवावयाचा, दुसरा उलटा करून कपाटाच्या पाठीस. मग कपाट उचलून एकावर एक अडकवावयाचे. वजन जितके वाढते तितकी पकड घट्ट होते, भिंतीत हव्या तितक्या जागी, जेथे वीट चांगली लागेल तेथे, स्क्रू मारता येतात, आणि कपाट हातांवर तोलून धरून भोके जुळवण्याची कसरत टळते. मात्र पाठीमागे पट्टीएवढे अंतर पडते, ते खालच्या कडेस तेवढ्याच जाडीची दुसरी पट्टी लावून भरून काढावे. आपल्या किनाऱ्यावर हे अंतर पडणे इष्टच आहे, त्याचे कारण पुढे येईल.

समुद्राच्या काठी धातूची गत काय होते हे पालीकरांना मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. नांगराच्या साखळ्या आणि इंजिनाचे भाग ज्यांच्या नित्य परिचयाचे, त्यांना क्षाराचे प्रताप ठाऊकच आहेत. पण बोटीवर जो मनुष्य स्टेनलेस स्टीलखेरीज दुसरे घेत नाही, तोच घरातील बिजागऱ्यांच्या बाबतीत मुलामा दिलेल्या लोखंडावर समाधान मानतो, हा विरोधाभास पुष्कळ घरांत दिसतो. गंजलेला स्क्रू केवळ झिजत नाही, तो फुगतो, आणि फुगताना भोवतालचा प्लाय व फरशी तडकवतो. निदान ३०४ प्रतीचे, आणि खिडकी थेट समुद्राकडे असेल तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे. या दुसऱ्या प्रतीत मॉलिब्डेनम असते व ते क्षाराला अधिक दाद देत नाही. दुकानात लोहचुंबक लावून दाखवण्याच्या प्रघातावर विसंबू नये, कारण २०२ ही स्वस्त, लवकर डागाळणारी जातही चुंबकाला चिकटत नाही. पाकिटावरची प्रत वाचावी व पावतीवर ती लिहून घ्यावी.

प्लायच्या बाबतीत भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७१० हे मानक मागावे. या प्रतीच्या तुकड्याला चाचणीत बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे पापुद्रे सुटता कामा नयेत असा नियम आहे. आयएस ३०३ मधील साध्या प्रतीकडून अशी अपेक्षा करता येत नाही. तक्त्यावर मानकचिन्हाखाली छापलेला परवाना क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो, आणि दुकानदारासमोरच तो तपासण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. भुशाच्या दाबीव तक्त्यांची कपाटे शहरात सर्रास विकली जातात. मुंबईच्या आतल्या भागात ती चालत असतील, पण पावसाळ्याचे चार महिने जेथे मीठही पाणी सोडते तेथे त्यांचे बिजागऱ्यांचे स्क्रू एकदोन वर्षांत सैल होऊ लागतात. प्लाय कितीही उत्तम असला तरी पाणी शिरते ते कापलेल्या कडेतून. तेव्हा प्रत्येक कड, विशेषतः सिंकजवळची व पाठीमागची न दिसणारी, रंगाने वा पट्टीने बंद केल्याशिवाय कपाट भिंतीवर चढू देऊ नये.

पश्चिमेच्या भिंतीला नैऋत्येचा पाऊस थेट झोडपतो. त्या भिंतीवर कपाट लावावयाचे असेल तर फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून तिच्यावर दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव जमलेले दिसले तर ओल भिंतीतून येत आहे, आणि आधी बाहेरून गळतीचा बंदोबस्त झाला पाहिजे. कोरड्या ठरलेल्या भिंतीवरही कपाटाची पाठ अर्धा इंच सुटी ठेवून वाऱ्याला वाट द्यावी.

ऋतूविषयी एक अडचण या गावापुरती खास आहे. शासनाची पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, आणि घरातील कर्ते पुरुष नेमके त्याच दोन महिन्यांत घरी निवांत असल्यामुळे डागडुजीची सर्व कामे त्या काळात काढण्याची प्रवृत्ती होते. परंतु त्या दिवसांत लाकूड फुगलेले, भिंती ओल्या आणि वीज लहरी असते. त्या वेळी तंतोतंत बसवलेली दारे दिवाळीनंतर आकसून फटी दाखवू लागतात. या सुटीत मापे घ्यावीत, भिंतींची परीक्षा करावी, नकाशा काढावा, सामानाचे भाव करावेत. प्रत्यक्ष टांगणी ऑक्टोबरअखेर ते नाताळपूर्वीच्या कोरड्या आठवड्यांवर टाकावी.

ड्रिल हाती घेण्यापूर्वी भिंतीत काय लपले आहे याचा शोध घेणे हे कर्तव्य मानावे. भिंतीत पुरलेल्या विजेच्या नळ्या बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ आडव्या जातात, पाण्याच्या नळ्या तोटीच्या सरळ वर. त्या रेषांच्या दोन्ही बाजूंस सहा इंच पट्टा निषिद्ध समजावा. घर बांधताना गिलाव्यापूर्वी कोणी छायाचित्रे काढून ठेवली असतील तर ती सोन्याच्या मोलाची. स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडून, ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेल्या मार्गावरून वीज घ्यावी. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे गृहीत धरणारे लोक अधूनमधून वृत्तपत्रांत झळकतात. टेस्टर प्रथम चालू ठिकाणी लावून तो पेटतो याची खात्री करावी, मगच त्याची साक्ष ग्राह्य मानावी. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खोलीबाहेर न्यावा. वास येत असेल तर काम थांबवून दारे-खिडक्या उघडाव्यात, कोणतेही बटण दाबू नये, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

भोक पाडताना डोळ्यांवर चष्मा व नाकावर घट्ट बसणारा मास्क असावा. विटेची व काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही. ओढणी, पदर, सैल बाही व मोकळे केस यांना फिरत्या यंत्राजवळ मज्जाव असावा, आणि त्याच कारणास्तव हातमोजेही घालू नयेत. फरशीवर चिकटपट्टीचा चौकोन लावून, झटका बंद ठेवून, मंद गतीने फरशी पार करावी. मगच झटका चालू करावा, म्हणजे फरशी तडकत नाही. भोकातील धूळ फुंकून वा झाडून न काढता फिशर ठोकले तर त्याची निम्मी पकड वाया जाते.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. कपाट लावताना ओट्यावर चढून उभे राहण्याची आपल्याकडे सर्वत्र चाल आहे. कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची शिळा खालून आधार असतो तेथेच माणसाचा भार सोसते. सिंकसाठी वा शेगडीसाठी जेथे ती कापलेली असते तेथे तिच्या दोन्ही बाजूंस चारपाच बोटांची पट्टीच उरलेली असते, आणि ती पट्टी पायाखाली काडकन मोडते. कपाट हातांत, पाय ओट्यात आणि ड्रिलची वायर गळ्यात, अशा अवस्थेत मनुष्य खाली येतो. चार पायांची घडीची शिडी आणावी, तिच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर चढू नये, आणि खाली धरावयास एकजण असावा.

आखणीसाठी पाणसळ किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरावी. छतावरून वा फरशीच्या रेषेवरून मापे घेऊ नयेत, कारण दोन्ही तिरपी असण्याचा संभव मोठा. ओट्याची उंची साधारणतः ३२ ते ३४ इंच असते. तिच्यावर सुमारे २२ इंच मोकळी जागा सोडून कपाटाची तळरेषा मारावी. पाच फूट उंचीच्या स्त्रीचा हात टाचा न उचलता सव्वासहा फुटांच्या आसपास पोहोचतो, हे ध्यानात ठेवून रोजच्या वापराची फळी त्याखालीच आली पाहिजे. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष उभे करून, हात वर करावयास सांगून रेषा मारावी. सुताराच्या उंचीने मारलेली रेषा तिला जन्मभर स्टुलावर चढवते.

तळरेषेवर एक सरळ पट्टी भिंतीस तात्पुरती जडवून तिच्यावर कपाट टेकवावे, दोन माणसांनी धरावे, तिसऱ्याने वरचे स्क्रू आधी अर्धवट फिरवावेत. दारे व फळ्या या वेळी काढून ठेवलेल्या असाव्यात, वजन तेवढेच हलके. भिंत वाकडी असेल तेथे पाठीमागे पाचर घालावी. स्क्रू आवळून वाकड्या भिंतीशी कपाट जुळवू गेल्यास चौकट पिळवटते आणि दारे एकमेकांवर चढतात. शेजारची दोन कपाटे शिकंज्यात पकडून बगलेतून एकमेकांस जोडावीत, गुण्या व ओळंबा लावून खात्री करावी, आणि मगच सर्व स्क्रू पूर्ण आवळावेत.

शेगडीच्या थेट वर कपाट नसावे. चिमणी असल्यास तिच्या निर्मात्याने सांगितलेले अंतर, जे बहुधा २६ ते ३० इंच असते, राखावे. नसल्यास ती भिंत मोकळीच शोभते. रोज लागणारे मीठ-मसाले शेगडीच्या मागे वा वर ठेवले की पेटत्या ज्योतीवरून हात व पदर नेण्याची पाळी येते. ओट्याखाली सिलिंडर ठेवला असेल तर तो उभा असावा, शेगडी त्याच्याहून उंच असावी, आणि त्या खणाच्या दाराला तळाशी जाळीचे छिद्र असावे, कारण हा वायू हवेहून जड असल्यामुळे खाली साचतो. नारिंगी सुरक्षानळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर वर्ष छापलेले असते.

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच कपाटाची गोष्ट लोक विसरतात, कारण ते उभे आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असा समज असतो. मूल खालचे खण ओढून त्यांवर पायऱ्यांप्रमाणे चढते आणि सबंध कपाट त्याच्या अंगावर येते. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर आयकिया या कंपनीला २०१६ साली सुमारे दोन कोटी नव्वद लाख खणांची कपाटे परत मागवावी लागली; भिंतीस जखडावयाचा कंस सोबत दिलेला असूनही असंख्य घरांत तो पाकिटातच राहिला होता. वरच्या कडेस दोन कंस लावून असे कपाट भिंतीस बांधावे, आणि हा नियम फडताळालाही लागू समजावा.

सर्व काम झाल्यावर, दारे चढवण्यापूर्वी, वरच्या कडेशी कपाट व भिंत यांच्या सांध्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारावी, मधल्या फळीवर व तळावर तांदळाच्या २५ किलोंच्या दोन गोण्या कडेपासून कडेपर्यंत सारख्या पसरून ठेवाव्यात, आणि एक रात्र तशाच राहू द्याव्यात. त्या रात्री खाली ओट्यावर काही ठेवू नये व कोणी झोपू नये, हे वेगळे सांगावयास नको. सकाळी रेघ जागच्या जागी असेल आणि जाड कागदाचा तुकडा वरच्या सांध्यात शिरत नसेल तर टांगणी पास झाली. रेघेपासून कपाट केसभर जरी सरकलेले दिसले तरी सामान उतरवून स्क्रू काढून पाहावेत, आणि नवी भोके दोन इंच बाजूस घ्यावीत. मिस्त्रीशी सौदा करतानाच ही अट कागदावर घालावी, आणि मजुरीचा निदान पाचवा हिस्सा या रात्रीनंतरच्या सकाळपर्यंत राखून ठेवावा. चांगला मिस्त्री या अटीस हरकत घेत नाही; हरकत घेणाऱ्यास काम न देणे हे त्या गोण्या चढवण्यापेक्षाही स्वस्त पडते.